कमानीखालचा डी. एन. रोड

मुंबईतल्या देखण्या रस्त्यांचा विषय निघाला की सगळ्यांच्या तोंडी आधी मरीन ड्राइव्ह येतो. त्याला समुद्र आहे, वळण आहे, रात्रीचे दिवे आहेत. देखणं दिसण्यासाठी त्याला वेगळं काही करावं लागत नाही. डॉ. दादाभाई नौरोजी रोडच्या वाट्याला यातलं काहीच आलेलं नाही. क्रॉफर्ड मार्केटपासून निघायचं, व्ही.टी. (आजचं सीएसएमटी) स्टेशनसमोरून जायचं आणि फ्लोरा फाउंटनला थांबायचं, एवढीच त्याची धाव. बसगाड्यांचा धूर, टॅक्सीवाल्यांचे हॉर्न, पावलोपावली फेरीवाले. तरी मान जरा वर करून इमारतींची रांग पाहिली, तर मुंबईत इतक्या शिस्तीने उभा असलेला दुसरा रस्ता सापडणं कठीण आहे. गंमत अशी की ही शिस्त कुणा एका वास्तुरचनाकाराने आणलेली नाही. ती आली एका नियमातून, आणि तो नियमही फक्त तळमजल्यापुरता होता.

१८९६ साली सरकारने या रस्त्यासाठी बांधकामाचा नियम केला: इथे इमारत उभारायची तर तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची वाट सोडली पाहिजे. मग वर गॉथिक बांधा, नवअभिजात बांधा, घुमट चढवा, नाहीतर एडवर्डच्या काळातल्या लंडनची नक्कल करा. मालकांनी हे सगळंच केलं. पश्चिमेकडच्या मोठ्या इमारती साधारण १८८५ ते १९१९ या काळात उभ्या राहिल्या आणि शेजारच्या इमारतीशी जुळवून घ्यावं असं त्यातल्या बहुतेकांना वाटलेलं दिसत नाही. एकीच्या खिडक्या टोकदार, दुसरीच्या अर्धवर्तुळाकार; एकीचा दगड पिवळसर, दुसरीचा काळपट. पण खाली कमानीला कमान लागत गेली आणि वरची सगळी भाऊबंदकी त्या एका ओळीने सांभाळून घेतली.

कोकणातल्या घराला पडवी असते, तशी ही या रस्त्याची पडवी आहे. ना पूर्ण घर, ना पूर्ण अंगण. डोक्यावर मालकाचा मजला, पायाखाली लोकांची वाट. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उरलेले बरेच महिने ऊन भाजून काढतं. अशा गावात दुकानाच्या काचेसमोर गिऱ्हाईक पाच मिनिटं थांबावं असं वाटत असेल तर त्याच्या डोक्यावर छप्पर हवंच. म्हणजे नियमात सौंदर्यदृष्टी होती तसा व्यवहारही होता, आणि माझ्या मते तो टिकला तो व्यवहारामुळेच.

पण रस्त्याचा स्वभाव कळायचा तर आणखी मागे जायला हवं. इथे एकेकाळी कोटाची भिंत होती. फोर्ट हे नाव उगाच पडलेलं नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि इंग्रजांच्या मुंबईला धडकी भरली. मराठे उद्या माहीमची खाडी ओलांडून आले तर काय, या धास्तीने तटाबाहेर खंदक खणायचं ठरलं आणि त्यासाठी शहरातल्या देशी व्यापाऱ्यांनी ३० हजार रुपयांची वर्गणी दिली. मराठे आले नाहीत. खंदक मात्र शंभरावर वर्षं तिथेच राहिला, आणि पुढे पुढे शत्रूपेक्षा डासांचीच सोय जास्त पाहू लागला.

तटाच्या पश्चिम बाजूला, आतल्या अंगाला लागून घरांची एक रांग होती. तिला हॉर्नबी रो म्हणत. विल्यम हॉर्नबी हा १७७१ ते १७८४ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. महालक्ष्मी आणि वरळी यांच्या मधून आत शिरणारं समुद्राचं पाणी अडवणारा बांध, हॉर्नबी वेलार्ड, त्याच्याच नावावर आहे. तट होता तोवर हॉर्नबी रो ही भिंतीच्या सावलीतली एक सामान्य वाट होती. कोटाच्या आत दाटी भयंकर. १८०३ च्या फेब्रुवारीत मोठी आग लागली आणि आतल्या वस्तीचा मोठा भाग जळाला. त्यानंतर लोक हळूहळू तटाबाहेर सरकायला लागले, पण भिंत काही हलली नाही.

ती हलवली बार्टल फ्रिअर यांनी. ते १८६२ मध्ये गव्हर्नर झाले, आणि वेळही अचूक जुळली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झालेला, आणि मुंबईचे व्यापारी कापसाच्या पैशात लोळत होते. तट पाडला, खंदक बुजवला आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर रस्ते आणि भूखंड आखले. चर्च गेट हा दरवाजा जिथे होता त्याच्या जवळच १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. हॉर्नबी रो रुंद झाला आणि हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा डी. एन. रोड, झाला.

आजही या रस्त्याच्या दोन्ही बाजू सारख्या दिसत नाहीत, त्याचं मूळ इथे आहे. पश्चिमेची बाजू तटाच्या आणि खंदकाच्या जागेवर नव्याने आखलेली. त्यामुळे तिथे भूखंड ऐसपैस, इमारती रुंद, दर्शनी भागाला भरपूर जागा. पूर्वेची बाजू म्हणजे जुन्या कोटाची कड. तिच्यामागे बझार गेटच्या अरुंद, खोल, दाटीवाटीच्या गल्ल्या. पूर्वेकडच्या कुठल्याही बोळात शिरा, पन्नास पावलांत अठराव्या शतकातली आखणी पायाखाली येते. पश्चिमेकडचा बोळ थेट मैदानाच्या अंगाला काढून देतो. नकाशा न उघडता जुना कोट कुठे संपत होता हे सांगता येतं, ते असं.

पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं की हे दर्शनी भाग पूर्वेला पाहतात, म्हणजे सकाळचं ऊन थेट त्यांच्यावर येतं. नक्षी पाहायची, फोटो काढायचे तर सकाळी नऊ-दहाच्या आत यावं. दुपारनंतर तीच इमारत सपाट आणि करडी दिसते. पूर्वेच्या रांगेचं नेमकं उलट: तिच्यावर चारनंतरचं तिरपं ऊन येतं. पावसाळ्यातही हाच हिशेब चालतो. आपला पाऊस नैऋत्येकडून झोडपत येतो. पश्चिमेच्या रांगेतल्या कमानी वाऱ्याला पाठ देऊन उभ्या, त्यामुळे आतली वाट बरीच कोरडी राहते. पूर्वेच्या कमानींमध्ये सडा आत येतो आणि फरशी निसरडी होते. व्ही.टी.वरून उतरून फाउंटनच्या ऑफिसांकडे जाणारी रोजची माणसं जुलैत कुठल्या फुटपाथवरून चालतात ते पाहा. त्यांना हे कुणी शिकवलेलं नाही.

उत्तरेकडून चालत येऊ. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, १८६९ ची. दारावरची शिल्पं जॉन लॉकवुड किपलिंग यांची. ते शेजारच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत. मंडईत फळांच्या राशी पाहताना मान वर करून ही शिल्पं बघणारा विरळाच. पुढे जे. जे. चं आवार. या रस्त्यावर जरा मोकळा श्वास घ्यायला मिळतो तो इथेच, आणि तोही कुंपणाबाहेरून. त्यापुढे अंजुमन-ए-इस्लामची १८९३ ची इमारत, तिच्या अलीकडे-पलीकडे वर्तमानपत्राच्या कचेरीची लांबच लांब इमारत, आणि समोर व्ही.टी.

व्ही.टी.बद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी फार थांबणार नाही. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांची रचना, काम १८७८ ते १८८८. समोर महापालिकेची इमारत, तीही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची. रस्त्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच की या दोन इमारतींच्या मधून जाताना हॉर्नबी रोडला आपली पायरी ओळखावी लागली. एवढ्या बड्या शेजाऱ्यांसमोर एकट्या इमारतीने मिरवायचं म्हटलं तर तिचं हसंच झालं असतं. रांगेने मिरवता येतं. दक्षिणेकडे वळल्यावर रस्त्याने तेच केलं.

व्ही.टी.च्या पुढचा, फाउंटनपर्यंतचा तुकडा हा खरा हॉर्नबी रोड. इथे आनंद भवन आहे, सिद्धार्थ महाविद्यालयाचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ च्या जूनमध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं. पुढे ते या भागात स्थिरावलं. साहेबी दुकानांच्या रांगेत हे महाविद्यालय येऊन बसणं ही या रस्त्याच्या इतिहासातली मोठी घटना आहे, असं मला वाटतं. वारसा-फेऱ्यांमध्ये गॉथिक खिडक्यांवर दहा मिनिटं जातात आणि आनंद भवन एका वाक्यात उरकलं जातं, हे खटकतं.

त्याच रस्त्यावर जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूट. संस्था १८५६ ची. तेव्हा तिचं नाव फोर्ट इम्प्रूव्हमेंट लायब्ररी होतं. सध्याची नवगॉथिक इमारत १८९८ ची. वरच्या वाचनगृहात उंच छत, रंगीत काचा आणि डुलक्या काढायला उत्तम अशा आरामखुर्च्या. तिची दुरुस्ती झाली आणि २०१५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. वाच्छा अग्यारी १८८१ ची, म्हणजे कमानीच्या नियमाच्याही आधीची. तिच्या दाराशी माणसाचं तोंड आणि पंख असलेले दगडी बैल उभे आहेत, प्राचीन अॅसिरियाच्या राजवाड्यांसारखे. आत फक्त पारशांना प्रवेश, पण ते बैल फुटपाथवरूनच नीट दिसतात. व्हिक्टोरियन लंडनची नक्कल करणाऱ्या रस्त्यात पारशी समाजाने थेट मेसोपोटेमियाशी नातं सांगावं, हा ठसका मला फार आवडतो.

आणि व्हाइटअवे लेडलॉचं दुकान. साहेब लोकांचे कपडे, हॅट, बूट, घरसामान, सगळं रोखीने. उधारी नाही, हीच त्या कंपनीची ख्याती. साहेब गेले, कंपनी गेली, आणि त्याच इमारतीत खादी भांडार आलं. लँकेशायरचं कापड जिथे काउंटरवर उलगडलं जाई, तिथे पुढे कित्येक दशकं सुती खादीचे तागे, अत्तरं, मध आणि चंदनी साबण विकला गेला. बाहेरची कमान तीच. ब्रिटिश राजवट देशातून संपत्ती कशी ओढून नेते याचा आकड्यांत हिशेब मांडणाऱ्या, १८९२ मध्ये फिन्सबरीतून थेट ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेलेल्या दादाभाईंचं नाव या रस्त्याला दिलं गेलं, तेही असंच चपखल.

आता दगडाकडे. या रांगेत मुख्यतः तीन प्रकारचे दगड दिसतात आणि ते ओळखता आले तर चालण्यातली मजा दुप्पट होते. एक निळसर-काळा, म्हणजे आपला नेहमीचा बेसाल्ट. कठीण, पाणी न पिणारा, पण छिन्नीला दाद न देणारा. म्हणून तो जोत्यात आणि जाड भिंतीत. मालाडचा दगड पिवळसर-तपकिरी, तोही ज्वालामुखीचाच, पण घडवायला जरा सोसणारा. दर्शनी भाग त्याचा. पोरबंदरचा दगड मलईच्या रंगाचा चुनखडक. नवा असताना करवतीनेही कापता येतो, म्हणून पानं-फुलं, माकडं, पोपट, खांबांची डोकी त्याच्यात. पण जो दगड छिन्नीला लवकर दाद देतो तो पावसालाही देतो. या रस्त्यावर कुठे नाक झिजलेलं माकड दिसलं तर दगड पोरबंदरचा समजावा.

मालाडच्या खाणी आता बंद आहेत. त्यांच्यावर आणि भोवती उपनगर उभं राहिलं. त्यामुळे दर्शनी भागातला एखादा दगड बदलायचा तर जुळणारा दगड शोधणं हेच मोठं काम होऊन बसतं. कुठे पाडकामातून निघालेला माल मिळाला तर ठीक, नाहीतर जवळच्या रंगाचा दुसरा लावायचा आणि पाच-सहा पावसाळ्यांत तो मळून जुळेल याची वाट बघायची. रंग जुळवण्यासाठी नव्या दगडाला चहाच्या पाण्यासारखं काहीतरी फासण्याचा मोह होतो. करू नये. पहिल्या पावसात ते ओघळतं आणि खालच्या दगडावर डाग पाडतं.

दगड खराब होण्याची कारणं पाहायला फार लांब जावं लागत नाही, कमानीच्या एका खांबाजवळ पाच मिनिटं उभं राहावं. सांध्यांमध्ये करड्या रंगाची, तुकतुकीत, जरा फुगीर रेघ दिसते? ती सिमेंटची. मूळ बांधकाम चुन्याचं आहे. चुन्याचा सांधा दगडापेक्षा मऊ असतो आणि तो तसाच असायला हवा. भिंतीत शिरलेलं पाणी त्याच्यातून बाहेर पडतं, झीज होते ती सांध्याची, आणि तीस-चाळीस वर्षांनी सांधा पुन्हा भरता येतो. कुणीतरी ‘मजबूत’ म्हणून सिमेंट भरतं. मग पाण्याला सांध्यातून वाट उरत नाही, ते दगडातून बाहेर पडायला लागतं. बरोबर क्षार असतात. ते दगडाच्या पृष्ठभागामागे साचून स्फटिक होतात आणि दगडाचा पापुद्रा आतून ढकलतात. काही वर्षांनी चित्र असं दिसतं: सिमेंटची जाळी शाबूत, उठून दिसणारी, आणि तिच्यामधला दगड आत खचलेला. दुरुस्तीने केलेली ही नासाडी आहे, काळाने नाही.

नीट करायचं तर सिमेंट हातोडी-छिन्नीने हळूहळू खरवडून काढावं लागतं. ग्राइंडर लावला की दगडाच्या कडा गेल्याच. सांधा त्याच्या रुंदीच्या किमान दुप्पट खोल मोकळा करायचा, धूळ काढायची, पाणी मारायचं आणि मग भिजवून मुरवलेला चुना एक भाग, वाळू आणि सुरखी (विटांची पूड) मिळून तीन भाग असं मिश्रण ठासून भरायचं. वरून ओलं गोणपाट लावून निदान आठवडाभर ओल राखायची. मुंबईत हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात बरं जमतं. मे महिन्यात चुना भराभर सुकून भेगाळतो, पावसाळ्यात धरतच नाही. सरकारी निविदा मात्र मार्चअखेरीच्या हिशेबाने निघतात, आणि काम सुरू होतं एप्रिलमध्ये.

दुसरा शत्रू लोखंड. दगड एकमेकांना धरून ठेवायला आत लोखंडी पट्ट्या आणि आकडे बसवलेले असतात. पाणी पोचलं की ते गंजतात, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. दगड फुटतो तो त्या दाबाने. तिसरा पिंपळ. गच्चीवरची पन्हाळ तुंबली, तिथे कावळ्याने बी टाकलं, की दोन वर्षांत मुळं सांध्यात. माणसं वरची फांदी तोडून समाधान मानतात, आणि पिंपळ पुढच्या पावसात दुप्पट जोराने फुटतो. खोडाला भोक पाडून आत औषध सोडावं लागतं, मूळ मरू द्यावं लागतं, मग सांधा उघडून ते काढून तिथे चुना भरावा लागतो. कटकटीचं काम आहे. पण हे न केलेली कठड्याची भिंत एखाद्या जुलैत खाली येते, आणि खाली कमानीतून बाहेर पडणारी माणसं असतात.

मालक हे का करत नाहीत, या प्रश्नाचं उत्तर दगडात सापडत नाही, कायद्यात सापडतं. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला रस्त्यावर येऊ न देण्यासाठी ते गरजेचंच होतं. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धं शतक चालला. हजारो चौरस फुटांच्या कचेरीचं भाडं महिन्याला काही शे रुपये. त्यात मालकाने मालाडचा दगड कुठून आणावा? १९९९ च्या नव्या कायद्याने बँका, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटीहून अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या यांचं संरक्षण काढलं. तोवर बऱ्याच बड्या कचेऱ्या नरिमन पॉइंटला गेल्या होत्या, आणि पुढे बांद्रा-कुर्ला संकुलात. उरले छोटे भाडेकरू आणि वकिलांच्या, सल्लागारांच्या पोटखोल्या. एका मजल्याच्या प्लायवूडने पाडलेल्या आठ खोल्या, आणि प्रत्येकाचं एसीचं यंत्र बाहेर खिडकीच्या कमानीत. त्या यंत्रांचं ठिबकणारं पाणी पोरबंदरच्या दगडावर वर्षानुवर्षं एकाच जागी पडतं. खाली हिरवट पट्टा दिसतो तो त्याचा.

कमानीच्या आतही भाग पडले. मूळ तळमजला चांगला उंच, म्हणून दुकानदारांनी मध्ये पोटमाळा घातला. त्याचा स्लॅब बरोबर कमानीच्या वळणाच्या मधोमध आडवा येतो. मग तो लपवायला कमानीवर पाटी. शेजाऱ्याने त्याहून मोठी लावली. नव्वदच्या दशकापर्यंत परिस्थिती अशी झाली की रस्त्यावरून कमान दिसेनाच; दिसायचे नुसते प्लास्टिकचे उजेडाचे खोके.

१९९५ मध्ये मुंबईत वारसा नियमावली आली, देशातली अशी पहिलीच. तिच्यात सुट्या इमारतींबरोबर हा अख्खा रस्ता वारसा म्हणून धरला गेला, ही शहाणपणाची गोष्ट. पण नियम आहे म्हणून पाट्या उतरत नसतात. पुढे वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांनी इमारतीगणिक आराखडे काढले: कुठल्या कमानीत किती मापाची पाटी बसेल, कुठल्या खांबावर काहीच लावायचं नाही. मुख्य सूत्र साधं होतं. पाटी कमानीच्या आत बसवायची, कमानीवर नाही. खांब आणि कमानीचा मधला दगड मोकळा ठेवायचा. दुकानदारांशी बोलणी झाली, आणि बऱ्याच जणांनी स्वतःच्या खर्चाने पाट्या बदलल्या. हे कसं जमलं याचं मला वाटणारं कारण असं: शेजाऱ्याची पाटी लहान होणार असेल तर आपली लहान करायला कुणाचीच हरकत नसते. एकट्याने करायची वेळ आली की हरकत. १८९६ च्या नियमामागेही तेच होतं. २००४ मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी व्ही.टी. जागतिक वारसा यादीत गेलं, त्यामुळे बातम्यांत या पुरस्काराचं कौतुक जरा झाकोळलं.

राहता राहिले फेरीवाले. या विषयावर सभ्य माणसंही चिडून बोलतात. कमान आली की सावली आली, सावली आली की माणसं रेंगाळणार, माणसं रेंगाळली की विकणारा येणार. हा क्रम कुठल्याही आदेशाने उलटा फिरत नाही. परवाना राजच्या काळात इथे ‘फॉरेन’चा माल मिळे: घड्याळं, सेंट, कॅसेट, कॅल्क्युलेटर. आता मोबाइलची कव्हरं, चार्जर, गॉगल, ट्रिमर, बॅटरीवर उड्या मारणारी खेळणी. अडचण फेरीवाल्याच्या असण्याची नाही, ठेला किती आत येतो याची आहे. दोन्ही बाजूंनी, म्हणजे दुकानाच्या पायरीला लागून आणि खांबांना लागून, ठेले लागले की मधे एका माणसाची वाट उरते, आणि सकाळी साडेनऊला व्ही.टी.वरून निघालेला लोंढा वैतागून रस्त्यावर उतरतो. ठेला फक्त दोन खांबांच्या मधल्या जागेत, रस्त्याच्या बाजूला आणि खांबाच्या जाडीइतकाच, एवढी एक रेघ पाळली गेली तर दोघांचं भागतं. काही कमानींत ते आपोआप पाळलं जातं, तिथलं चालणं सुखाचं आहे.

पायाखालची जमीनही पाहण्यासारखी. प्रत्येक मालकाने आपल्या जोत्याप्रमाणे पातळी धरली, त्यामुळे एका इमारतीच्या कमानीतून दुसरीत जाताना कधी एक पायरी, कधी नुसता उतार. फरशी कुठे जुनी नक्षीची, कुठे शहाबादी, कुठे कोटा, कुठे काल बसवलेली चकचकीत, पावसात घसरवणारी. व्हीलचेअर किंवा चाकांची बॅग घेऊन ही वाट सलग पार करता येत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या नियमाने कमान मागितली, पातळी मागितली नाही. ती चूक दुरुस्त करणं अवघड नाही, उताराचे दगड बसवले की झालं; पण दोन मालकांच्या हद्दीवरचं काम कुणी करायचं यावर ते अडतं.

रस्त्याखालून आता मेट्रो-३ धावते. काम चालू असताना, २०१७ मध्ये, पेटिट इन्स्टिट्यूटच्या इमारतीवरून दगडी तुकडा पडला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. खणकामाच्या हादऱ्यांचा, त्यांच्या मोजमापाचा प्रश्न तज्ज्ञ समितीपर्यंत पोचला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मार्ग कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाला. सीएसएमटी आणि हुतात्मा चौक ही स्थानकं याच रस्त्याच्या व्ही.टी. ते फाउंटन या तुकड्याच्या दोन टोकांना. म्हणजे घोड्याच्या ट्रामने १८७४ मध्ये कुलाबा ते पायधुणी असा जो मार्ग सुरू केला, त्याचाच हा तुकडा पुन्हा रुळांवर आला, फक्त जमिनीखालून.

ट्रामचे मूळ रूळही पूर्ण गेले नव्हते. १९०७ मध्ये विजेची ट्राम आली, ३१ मार्च १९६४ ला शेवटची धावली आणि रुळांवर डांबर चढलं. फ्लोरा फाउंटनची दुरुस्ती २०१९ च्या जानेवारीत पूर्ण झाली. त्याआधी भोवतीचा भाग खणताना डांबराखाली रूळ आणि बेसाल्टचे चौकोनी दगड सापडले. कारंज्याचा स्वतःचा आजार ओळखीचाच निघाला. इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलंड दगडावर वर्षानुवर्षं चढवलेला ऑइल पेंट, आणि आत कोंडलेलं पाणी. थर उतरवायला महिनोन् महिने लागले. शेजारी मशाल हाती धरलेल्या शेतकरी-कामगाराचं हुतात्मा स्मारक आहे. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला तो इथे, आणि म्हणून हा चौक हुतात्मा चौक.

रस्ता पाहायला जायचं असेल तर रविवारी सकाळी आठच्या सुमारास फाउंटनकडून उत्तरेला चालत निघावं. शटरं बंद असतात, ठेले लागलेले नसतात, त्यामुळे खांब जोत्यापासून कमानीपर्यंत सलग दिसतो. आणि पश्चिमेच्या रांगेवर ऊन असतं. आधी पूर्वेच्या फुटपाथवरून जाऊन समोरची रांग पाहावी, मग रस्ता ओलांडून परत येताना कमानीखालून. सोमवारी सकाळी साडेनऊला पुन्हा एकदा यावं, या वेळी उलट दिशेने, व्ही.टी.कडून, लोंढ्याबरोबर. तेव्हा नक्षी दिसणार नाही, पण ती वाट कशासाठी सोडली होती ते दिसेल.